घरचं ‘किंवा’

त्या घरात ‘किंवा’ हा शब्द कधी एकटा यायचा नाही. मुली लहान होत्या तेव्हा आई दोन्ही हात पुढे करायची, एकात फुगा, दुसऱ्यात गोळ्यांची पुडी, आणि म्हणायची, “हे किंवा ते. दोन्ही नाही.” सुट्टीत बाग किंवा मावशीचं घर, दोन्ही नाही. नवे बूट किंवा नवं दप्तर, दोन्ही नाही. पुढे पुढे ‘दोन्ही नाही’ म्हणायची गरजच उरली नाही. ‘किंवा’ ऐकलं की मुली आपसूक एक हात मागे घ्यायच्या. आई कजाग नव्हती. ड्रायक्लीनरच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करणारी बाई ती. मापाबाहेर जाईल ते कापायचं, हे तिचं कामच होतं. नवरा दुसऱ्या गावात दुसरं घर मांडून बसला होता. त्याने मात्र दोन्ही हात भरून घेतले होते.

हे सांगायचं कारण एवढंच, की विद्यापीठाच्या गणिताच्या प्रवेश परीक्षेत ‘किंवा’ला असलं शेपूट नसतं.

थोरलीला हे मागच्या वर्षी ठाऊक नव्हतं. पेपरात साधा प्रश्न होता: एक ते तीस यांतल्या किती संख्यांना दोनने किंवा तीनने भाग जातो? तिने मांडलं. दोनने जाणाऱ्या पंधरा, तीनने जाणाऱ्या दहा. सहा, बारा, अठरा, चोवीस आणि तीस यांना दोन्हींनी भाग जातो, म्हणजे त्या दोन्हीकडून बाद. उरल्या पंधरा. खाली पर्यायांत पंधरा होतंही. पेपर काढणारे काही साधुसंत नसतात. चुकणारा कुठे येऊन धपकन बसणार हे त्यांना माहीत असतं, आणि तिथे ते आधीच खुर्ची मांडून ठेवतात. थोरली त्या खुर्चीत ऐसपैस बसली. उत्तर वीस होतं. ज्यांना दोन्हींनी भाग जातो त्याही धरायच्या होत्या. त्या पेपरात आणखीही दोन-तीन प्रश्न असेच ‘किंवा’वर उभे होते, आणि थोरली थोडक्यात बाहेर राहिली.

ती बाहेर का राहिली हे तिला कित्येक महिने कळलं नाही. लोक विचारायचे, ती म्हणायची, “पेपर अवघड होता.” मग थंडीत एकदा ती सार्वजनिक वाचनालयात शिरली, खरं तर ऊब घ्यायला, आणि तिथे तिला त्या परीक्षेच्या सोडवलेल्या उत्तरांचं पुस्तक सापडलं. पातळ, कव्हर गेलेलं. तिने तो प्रश्न काढला, उत्तर वाचलं, परत वाचलं. तिचे कान तापले. एक अख्खं वर्ष एका शब्दापायी गेलं होतं, आणि तो शब्द तिने घरातून डब्यासारखा बांधून नेला होता. हे कुणाला सांगणार? आईने फुगा आणि गोळ्या एकदम दिल्या नाहीत म्हणून मी नापास झाले, असं? तिने पुस्तक मिटलं, मागच्या रांगेत खोचलं आणि घरी आली. कुणाला एक अक्षर बोलली नाही. इथपर्यंत तिचा काहीच दोष नव्हता.

या वर्षी धाकटीही परीक्षेला बसणार होती.

धाकटी म्हणजे चटपटीत पोर. पेन्सिली कुरतडायची, म्हणून थोरलीने तिचं नाव ‘खारोटी’ ठेवलेलं. दोघी शिलाईच्या टेबलावर समोरासमोर बसायच्या. मशीन खाली दुमडून ठेवलेलं, टेबलाच्या कडेला आईने चिकटवलेली मापाची पट्टी. थोरली दिवसभर आईच्याच दुकानात पुढच्या काउंटरला, आणि संध्याकाळी इथे मास्तरीण. ती शिकवायची झकास, हे कुणीही मान्य केलं असतं. धाकटीने कुठे ‘हे उघड आहे’ असं लिहिलं की ती लाल पेनाने त्यावर फुली मारायची.

“उघड आहे काय, उघड आहे? तुला दिसतंय म्हणून जगाला दिसतंय? सिद्ध कर.”

“अगं पण ताई, शेंबडं पोरही सांगेल.”

“मग बोलव त्या शेंबड्या पोराला आणि त्याला सिद्ध करू दे.”

धाकटी जीभ काढायची आणि सिद्ध करायची. तिने स्वतः मात्र ताईकडे असं कधी मागितलं नाही. थोरलीने ‘बरोबर’ म्हटलं की ते बरोबर. पुरावा मागायचा असतो तो ताईने, आपण नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

एका रविवारी दुपारी आई आतल्या खोलीत कुणाच्यातरी कोटाची शिवण उसवत बसली होती. हात अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडून मावशीचा आवाज घरभर फिरत होता.

“दोघींना एकदम बसवतेयस? आधी एक तरी मार्गाला लागू दे की.”

“थोरलीचं किंवा धाकटीचं,” आई म्हणाली, “कुणाचंतरी होऊ दे बाई एकदाचं.”

“धाकटीचं होईल बघ. ती पहिल्यापासून तरतरीत. थोरली आपली घासू. घासून भांडं चकचकतं, डोकं नाही.”

आई यावर काही बोलली नाही. तिच्या दातांत दोरा असेल. दातांत दोरा असला की आई बोलत नाही, हे थोरली लहानपणापासून बघत आलेली. तरी त्या क्षणी तिने दोरा धरला नाही, होकार धरला. आणि ‘थोरलीचं किंवा धाकटीचं’ हे तिने घरच्या कानांनी ऐकलं. दोन्ही नाही.

तेवढ्यात धाकटीने कागद पुढे सरकवला. “ताई, तपास ना. पंधरा आलं.”

तोच प्रश्न. आकडे सुद्धा तेच. थोरलीने बघितलं, सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस यांच्यावर धाकटीने सुबक रेघा मारल्या होत्या.

“सहाला का हाकललंस?” तिने विचारलं. म्हणजे विचारलं तिने. सांगायला तोंड उघडलं होतं.

“‘किंवा’ आहे ना!” धाकटी म्हणाली. “दोन्ही नाही.”

आत मावशी कशावर तरी खदाखदा हसत होती. थोरलीच्या हातात लाल पेन होतं. तिने पंधराच्या बाजूला खूण केली. बरोबरची. शेपटी लांब ओढलेली, ठसठशीत.

“बरोबर,” ती म्हणाली.

धाकटी पुढच्या प्रश्नाकडे वळली. बस, एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही. मत्सराला लोक उगाच जहर-बिहर म्हणतात. जहर असतं तर कडू तरी लागलं असतं. थोरलीला त्या दुपारी काहीच लागलं नाही. तिने उठून दोघींसाठी कॉफी केली आणि धाकटीच्या कपात साखर जरा जास्तच घातली.

कडू लागायला सोमवार उजाडला.

दुकानात काउंटरवर कपडे घ्यायचे, खिसे तपासायचे, डाग दाखवून घ्यायचे, नंबराची चिठ्ठी कापडाला टाचायची, जोडीची चिठ्ठी गिऱ्हाइकाला द्यायची. डोकं लागत नाही असं काम, आणि ज्याला डोक्यातलं काही विसरायचं असतं त्याच्यासाठी म्हणूनच सगळ्यात वाईट. त्या दिवशी तिने एका म्हाताऱ्या गृहस्थाचा सूट एका नवरीच्या झग्याच्या चिठ्ठीवर लावला. वाफेतून डोकं बाहेर काढून इस्त्रीवाला ओरडला.

“काय प्रोफेसर! आजोबांना झगा घालून पाठवायचंय का? या वर्षी तरी जा बाई त्या विद्यापीठात, नाहीतर हे दुकान बसवशील.”

“जाईन हो.”

“आणि ती धाकटी? तीही जाणार म्हणते तुझी आई. दोघी प्रोफेसर! मग मला कोण झगे लावून देणार?”

दोघी, असं तो म्हणाला. किती सहज म्हणाला. थोरलीने खाली बघून टाचणी टोचली ती कापडाऐवजी अंगठ्यात.

आज सांगू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी घरी गेली तर धाकटीचं डोकं दुखत होतं. उद्या सांगू. उद्या धाकटीचा शाळेचा पेपर होता. परवा सांगू. परवा आई घरात होती, आणि आईसमोर कसं सांगणार? सबबींना काही कमी नसते, आणि प्रत्येक सबब दुसऱ्याच्याच भल्याची असते. तिचं डोकं दुखेल, तिचं लक्ष उडेल, तिचा धीर खचेल. थोरलीची एकही सबब ‘माझी लाज जाईल’ अशी नव्हती. खरी तेवढीच होती.

तोवर ती लाल खूण कामाला लागली होती. धाकटीने तिच्यावर पुढचं रचायला घेतलं. शक्यतांच्या गणितात पत्ता लाल किंवा राजा आला की ती लाल राजे वगळू लागली. उत्तरं चुकत होती आणि थोरली आता ते कागद तपासायचंच टाळत होती. “हा भाग तुला येतो, पुढचा काढ,” म्हणायची. धाकटीला वाटायचं, आपण पक्क्या झालो.

आणि मग एका संध्याकाळी धाकटी शाळेतून आली तीच फणफणत. दप्तर खुर्चीवर आदळलं.

“आमच्या वर्गातली ती चष्मेवाली आहे ना, पहिली येणारी, ती म्हणे ‘किंवा’त दोन्ही चालतं. मी म्हटलं, चल! माझ्या ताईने तपासलंय. तर म्हणे, तुझी ताई नापास झाली होती ना?”

“मग?” थोरलीने विचारलं.

“मग काय! सोडते की काय मी? सगळ्या वर्गासमोर सांगितलं तिला, माझ्या ताईला जेवढं गणित येतं तेवढं तुझ्या खानदानात कुणाला येत नसेल. मूर्ख म्हटलं तिला. रडायला लागली शेवटी.” धाकटीने पेन्सिलीचं टोक चावलं. “पुन्हा बोलू दे तुझ्याबद्दल, दाखवते.”

सांगायला यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. थोरलीने टेबलावरच्या पट्टीवर नख ओढलं, सेंटिमीटरमागून सेंटिमीटर, आणि म्हणाली, “हातपाय धू. खायला देते.”

त्या क्षणी तिने स्वतःला जेवढं ओळखलं तेवढं आधी कधी ओळखलं नव्हतं, आणि ओळख काही सुखाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती वाचनालयात गेली. पुस्तक मागच्या रांगेत होतं तिथेच होतं. ते घरी आणलं आणि शिलाईच्या टेबलावर, नेमक्या पानावर उघडं, चहाच्या कपाने दाबून ठेवलं. विसरून राहिल्यासारखं. मग ती दुकानात परत गेली. काय युक्ती, बघा. चूकही दुरुस्त होणार आणि हातही स्वच्छ राहणार. चोराने मुद्देमाल मालकाच्या दाराशी ठेवून पळावं आणि स्वतःला प्रामाणिक म्हणवावं, तसलाच प्रकार.

तिला वाटलं होतं, धाकटी चिडेल. घरी पोचताच तोंडावर कागद फेकेल, ‘तू बरोबर का केलंस?’ म्हणेल, आणि मग सगळं आपोआप बाहेर येईल. आपल्याला फक्त मान खाली घालायची.

ती घरात शिरली तर धाकटी दारातच उभी. चेहरा गंभीर. हात धरून तिने थोरलीला टेबलाशी नेलं, खुर्चीत बसवलं, आणि दार लोटून घेतलं.

“ताई, एक सांगते. चिडायचं नाही, आणि वाईटही वाटून घ्यायचं नाही.”

“काय झालं?”

“आपल्या दोघींचं एक चुकतंय. चुकतंय म्हणजे, चूक तुझी नाही. आईची आहे.” तिने पुस्तक पुढे ओढलं आणि हलक्या हाताने, आजारी माणसाला घास भरवावा तशी, समजवायला लागली. “हे बघ. ‘दोनने किंवा तीनने’. म्हणजे दोनने जाईल ती चालेल, तीनने जाईल ती चालेल आणि दोन्हींनी जाईल तीसुद्धा चालेल. सहाला बाहेर नाही काढायचं. सहा दोनदा मोजला गेला असेल तर एकदा वजा करायचा, एवढंच. पंधरा अधिक दहा, वजा पाच. वीस. कळलं?”

थोरलीने मान हलवली.

“नाही, नुसती मान नको. तू मला कधी सोडतेस का मान हलवून? तू करून दाखव.”

आणि थोरलीने करून दाखवलं. पंधरा अधिक दहा, वजा पाच. जे तिला थंडीपासून पाठ होतं ते तिने धाकटीच्या नजरेखाली, मुद्दाम जरा अडखळत, नव्याने शिकल्याचं सोंग करत मांडलं. त्या अडखळण्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त शिसारी आली. खुणेपेक्षाही.

“शाब्बास!” धाकटीने टाळी वाजवली. “बरं झालं ना पुस्तक आणलंस? नाहीतर दोघी बुडालो असतो. मागच्या वर्षी तुझं यानेच गेलं असणार, ताई. तू घासू-बिसू काही नाहीयेस. एक शब्द फक्त.” तिचे डोळे भरून आले होते. “आईला नको सांगूया. तिला वाटेल, आपल्यामुळे झालं.”

“नको,” थोरली म्हणाली.

“आणि त्या चष्मेवालीला मी सॉरी म्हणेन. पण तुझं नाव नाही येऊ देणार. म्हणेन, माझंच चुकलं.”

थोरली उठली, मोरीत गेली, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिली. नळाचं पाणी बर्फासारखं होतं. तिला वाटलं होतं, चूक दुरुस्त झाली की ओझं उतरेल. झालं उलटंच. आधी तिने बहिणीचा एक प्रश्न चोरला होता. आता ती बहिणीची माया चोरत होती, आणि ती चोरी तर रोज करावी लागणार होती, कारण धाकटी आता रोज तिच्याशी दुप्पट प्रेमाने वागायला लागली. तिच्या पेन्सिलींना टोक करून ठेवायची. खिडकीजवळची उजेडाची खुर्ची तिला द्यायची. “तुला जास्त गरज आहे, ताई. तुझं दुसरं वर्ष.”

परीक्षेच्या सकाळी दोघी दारात बूट घालत होत्या. परीक्षेत फोन चालत नाही, घड्याळ हातालाच लागतं, आणि घरात घड्याळ एकच होतं, आईचं. मागच्या वर्षी ते थोरलीने नेलं होतं. या वर्षी ते धाकटीला मिळणार, हे थोरलीने न विचारता धरून ठेवलेलं. तिने हात पुढे केलाच नव्हता.

आई आतून आली. तिच्या दोन्ही हातांत घड्याळं होती.

“हे घे,” तिने बारकं धाकटीच्या मनगटाला बांधलं. मग थोरलीचा हात ओढला. दुसरं घड्याळ भलंमोठं, बायकी मनगटावर गरागरा फिरणारं. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं, शिलाईच्या आरीने. “इस्त्रीवाल्याचं आहे. कालच मागून आणलं. सांभाळ, वाफेने काच जरा धुरकट झालीय, पण काटे दिसतात.”

“मी अंदाजाने केलं असतं, आई.”

“का म्हणून अंदाजाने? वेळ दोघींनाही लागणार ना? एकीला घड्याळ आणि एकीला अंदाज, असं कुठे असतं?” आईने पट्टा ओढून बसवला. “दोघी नीट लिहा. दोघी पास होऊन या म्हणजे मी सुटले.”

दोघी. आईने मावशीला जे सांगितलं होतं, त्यातलं ‘किंवा’ही बहुतेक शेपटाचं नव्हतं. ‘कुणाचंतरी’ म्हणजे निदान एकीचं. दोघींचं झालं तर आई काय एकीला परत पाठवणार होती? थोरलीला हे दारात, एका पायात बूट असताना कळलं. चौथीतल्या पोराला कळलं असतं.

बसमध्ये धाकटी सूत्रं पुटपुटत होती. आत्ता सांगू? नको, आत्ता सांगितलं तर पेपर बिघडेल. या वेळी ती सबब खरी होती. थोरलीला याचंच वाईट वाटलं, की आता खऱ्या कारणावर सुद्धा आपला विश्वास बसत नाही.

हॉल मोठा होता, बाकं दूरदूर. धाकटी तिच्या पुढे तिरकी, चार-पाच रांगा सोडून. पहिल्या भागात तो आलाच. या वेळी एक ते साठ आणि तीनने किंवा पाचने. पर्यायांत चुकणाऱ्याची खुर्ची होतीच मांडलेली. थोरलीने वीस अधिक बारा वजा चार केलं, अठ्ठावीसवर खूण केली आणि मान वर केली. धाकटी पेन्सिल चावत नव्हती. भराभर लिहीत होती. थोरलीच्या मनात आलं, मी ते पुस्तक आणलं नसतं तर आत्ता ही चोवीसवर खूण करत असती, आणि मागे बसून मी बघत असते. तिने धुरकट काचेतून वेळ बघितली आणि पुढचा प्रश्न वाचला. तो तिला तीनदा वाचावा लागला.

बाहेर पडल्या तेव्हा फाटकाशी गर्दी होती. जो तो आपलं उत्तर दुसऱ्याच्या गळी उतरवत होता. धाकटी उड्या मारत आली.

“आला ना! आला ना तो! अठ्ठावीस?”

“अठ्ठावीस.”

“बघ! मी सांगितलं नसतं तर आजही सगळ्या पंधराच्या पाढ्याला हाकललं असतंस.” तिने थोरलीच्या दंडाला लाडात गुद्दा मारला. “माझी फी काय देतेस, बोल.”

“मला माहीत होतं.”

“काय?”

“‘किंवा’चं. थंडीपासून माहीत होतं. ते पुस्तक मीच टेबलावर उघडून ठेवलं होतं. तुला सापडावं म्हणून.”

धाकटीचं हसू लगेच गेलं नाही. जायचं विसरून चेहऱ्यावर तसंच राहिलं. “पण माझ्या कागदावर तू बरोबर केलं होतंस. हे कळायच्या आधी की नंतर?”

“नंतर. मला माहीत असताना केलं.”

मागून लोक धक्के देत होते. दोघी बाजूला सरकल्या, सायकलींच्या रांगेशी. धाकटी सावकाश बोलत होती, पेपरातलं विधान सोडवावं तशी.

“म्हणजे मी त्या मुलीशी भांडले तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“मी तुला शिकवलं तेव्हा. तू अडखळत होतीस.”

“हो.”

“मुद्दाम?”

“हो.”

धाकटीचा आवाज चिरकला. “मी नापास व्हावं म्हणून केलंस, की मी तुझ्यापुढे जाईन या भीतीने केलंस? मला नीट सांग. हे की ते?”

“‘की’ नको म्हणूस,” थोरली म्हणाली. “‘किंवा’ म्हण.”

धाकटी चटपटीत होती. तिला क्षणभरच लागला.

“म्हणजे दोन्ही.”

“दोन्ही.”

थोरलीला वाटलं, आता ही थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. धाकटीने फक्त मनगटावरचं आईचं घड्याळ सोडलं, खिशात टाकलं आणि चालायला लागली. बसमध्ये ती पुढे ड्रायव्हरमागे उभी राहिली. जागा रिकामी असूनही बसली नाही.

घरी पोचल्यावर ती सरळ पलंगापाशी गेली. पलंगाखालचं खोकं ओढलं. त्यात वर्षभराचे सरावाचे कागद होते, शेकड्याने. तिने ते शिलाईच्या टेबलावर आणून आदळले, पहिला उचलला आणि लाल खुणा बघत एकेक उदाहरण पुन्हा पहिल्यापासून सोडवायला बसली. थोरली समोर जाऊन बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, ऊठही म्हटलं नव्हतं. खिडकीजवळच्या उजेडाच्या खुर्चीत आज धाकटी होती.

आई दुकानातून आली ती दारातूनच, “कसा गेला?”

“चांगला,” धाकटी मान वर न करता म्हणाली.

“दोघींचा?”

“हिचाही चांगलाच गेला असेल. हिला सगळं येतं.”

आई खूश झाली. पिशवी ठेवली, पदर खोचला, आणि टेबलावरचा ढीग बघून हसली. “अगं, झाली ना परीक्षा? आता कसले कागद तपासत बसलीस?”

“कागद नाही,” धाकटी म्हणाली. “ताईला तपासतेय.”

“बघा! चेली गुरूवर उलटली.” आईला ती गंमत वाटली. “बरे मार्क दे हो. वर्षभर राबलीय तुझ्यासाठी.” आणि ती आत हातपाय धुवायला गेली.

आतून पाण्याचा आवाज येत राहिला. धाकटीने एक कागद उलटला, दुसरा उलटला. तिसऱ्यावर थांबली आणि तो थोरलीपुढे सरकवला. जुना होता, त्या रविवारच्या कितीतरी आधीचा. समभुज त्रिकोणाचं काहीतरी. बाजूला लाल खूण, शेपटी आखूड.

“हे बरोबर आहे?”

थोरलीने बघितलं. “आहे. यातलं काही मी—”

“सिद्ध कर.”

थोरलीने कोरा कागद ओढला. जवळ पेन्सिल नव्हती, म्हणून धाकटीने आपली पुढे केली, चावून चावून बारीक झालेली. थोरलीने त्रिकोण काढला, बाजूंना नावं दिली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर धाकटीचं बोट येऊन टेकलं.

“हे कसं?”

“हे तर उघडच—” थोरली बोलता बोलता थांबली.

धाकटीने बोट उचललं नाही. थोरलीने ती ओळ खोडली आणि पुन्हा लिहायला घेतली.